शेडमधली इटली

आमच्या शेजारच्या शालन मावशी गेल्या हिवाळ्यात दारोदार शिळा ब्रेड मागत फिरायला लागल्या.

आता लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या गल्लीत लोक एकमेकांकडे फारसं काही मागत नाहीत. फार तर शिडी. तीही मेसेज करून, दोनदा सॉरी म्हणून. आणि इथे सत्तरी ओलांडलेली बाई, अंगात घोट्यापर्यंत कोट, पायात लोकरी मोजे आणि त्यावर चपला, हातात कापडी पिशवी, शनिवारी सकाळी बेल वाजवून विचारते, "हॅव यू एनी ओल्ड ब्रेड? नॉट फ्रेश. ओल्ड." समोरच्या म्हाताऱ्या रॉनला वाटलं, बाईंची परिस्थिती खालावली. बिचाऱ्याने ताजा ब्रेड, चहाची पाकिटं आणि बेक्ड बीन्सचे डबे अशी भरलेली पिशवी गुपचूप त्यांच्या दारात ठेवली. मावशी तडक त्याच्याकडे गेल्या. "फ्रेश इज नो यूज टू मी, रॉन," असं बजावून ब्रेड परत केला. बीन्स ठेवून घेतले.

या मावशी माझ्या सख्ख्याच काय, चुलत-मावसही मावशी नाहीत. आमच्या दोन घरांत एक भिंत सामाईक आहे, आणि त्या भिंतीतून त्यांचं सगळं ऐकू येतं, एवढंच नातं. नवरा डॉक्टर होता, त्याच्या नोकरीपायी त्या मिरजेहून इथे आल्या. स्वतः इथल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिटायर होईपर्यंत काम केलं. काका जाऊन बरीच वर्षं झाली. लॅब मात्र काही त्यांच्या अंगातून गेली नाही. त्यांच्या फ्रिजमधल्या प्रत्येक बरणीवर लेबल. घरी काही नवीन केलं की वाटीत घालून आमच्याकडे येणार, आणि ती वाटी 'थोडंसं घ्या' वगैरे म्हणून नाही देत. "सॅम्पल आहे," म्हणतात. मग समोर उभ्या राहतात. आपण पहिला घास घेतला की, "हं. रिपोर्ट?"

माझी बायको मीरा सुरुवातीला "छान झालंय" म्हणायची. मावशींनी तिला एकदा फैलावर घेतलं. "छान हा काय रिपोर्ट झाला? तुझं रक्त तपासून मी 'छान आहे' एवढंच लिहून दिलं असतं तर चाललं असतं का तुला?" तेव्हापासून आम्ही दोघं खातो आणि तोंडी परीक्षेला बसल्यासारखं बोलतो. मीठ बरोबर, आंबट किंचित जास्त, दाताखाली चिकट. मग त्यांचं समाधान होतं.

तर शिळा ब्रेड. मी विचारलं, "मावशी, पक्ष्यांना घालता का?" तर म्हणाल्या, "पक्ष्यांनी माझं काय चांगलं केलंय? प्रयोग चाललाय." पुढे काही बोलेनात. मीरा मात्र चहा घेऊन गेली आणि तासाभरात सगळं काढून घेऊन आली. या बाबतीत तिच्यापुढे भलेभले पोलीस फिके पडतील.

मावशींचा एकुलता एक मुलगा निखिल लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला, क्रॉयडनला राहतो. त्याची बायको एलेना, इटलीतल्या रावेन्नाजवळच्या एका गावची. एलेनाला दिवस गेले होते. मुलगी गुणी, मावशींशी कधी वाकडं बोललेली नाही. पण वाकडंच काय, सरळही फारसं बोललेली नव्हती. दोघींचं संभाषण म्हणजे "हाऊ आर यू?", "फाइन, अँड यू?" आणि मग दोघी मिळून हवामानाकडे बघायच्या. एलेनाची आई आदल्याच वर्षी गेली. त्यानंतर एकदा जेवायला आलेली असताना मावशींनी तिला विचारलं होतं, तुला बरं नसलं की तुझी आई काय करायची? त्यावर ती मुलगी पहिल्यांदा भरभरून बोलली. पासातेल्ली. शिळ्या ब्रेडचा चुरा, पार्मेजान चीज, अंडी, जायफळ, लिंबाची किसलेली साल. सगळं मळायचं, यंत्रात घालून उकळत्या सूपमध्ये दाबायचं. आणि तिने दोन्ही हातांनी ते दाबून दाखवलं.

"अगं, म्हणजे सोऱ्या!" मावशी मीराला सांगत होत्या. "ही तर शेव झाली! फक्त तेलात नाही, सारात पाडायची."

निखिलने तोवर सांगून टाकलं होतं की बाळ झाल्यावर काळजी करू नको. त्याचं मराठी इथे जन्मलेल्या मुलाचं. "आई, तू दमशील. एलेनाचे फ्रेंड्सने मील रोटा केला आहे. रोज एकजण डिनर आणणार. ऑल सॉर्टेड. तू आरामात ये, व्हेन थिंग्ज सेटल." मुलगा वाईट नाही हो. त्याला खरंच वाटलं, आईला सुट्टी दिली. पण मावशींनी त्यातून काय ऐकलं, ते मीराने मला जसंच्या तसं सांगितलं. "ऑल सॉर्टेड म्हणजे तुझी गरज नाही. मला काय समजत नाही होय?"

तरीही प्रयोग चालूच. आणि इथे खरी पंचाईत होती. मावशी इतक्या कडक शाकाहारी की केकचा तुकडा दिला तरी उलटून-पालटून 'एगलेस?' विचारतात. त्यांच्या स्वयंपाकघरात देव आहेत आणि आजवर अंडं शिरलेलं नाही. म्हणून पहिला प्रयोग बिनअंड्याचा झाला. वर चकलीच्या सवयीने त्यात कडकडीत तेलाचं मोहन घातलं. सोऱ्यातून शेव छान पडली, भाज्यांच्या गरम पाण्यात गेली, आणि बघता बघता नाहीशी झाली. सॅम्पल आमच्याकडे आलं. मी चमच्याने ढवळून पाहिलं.

"रिपोर्ट?"

"मावशी, हे पिठलं आहे."

"पिठलंच आहे," त्या खिन्नपणे म्हणाल्या. "तेही बिघडलेलं."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बागेतली शेड रिकामी करायला बोलावलं. काकांचं गवत कापायचं यंत्र एका कोपऱ्यात सरकवलं, एक टेबल टाकलं, घरातून वायर ओढून विजेची शेगडी लावली. घरात अंडं नको ना, मग शेडमध्ये चालेल. देवांना तेवढ्या लांबचं दिसत नाही असा त्यांचा हिशोब असावा. पार्मेजानही तिथेच. ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यांनी मला वास घ्यायला लावला आणि विचारलं, "हे नासलंय की असंच असतं?" मी म्हटलं, असंच असतं. "धन्य आहेत माणसं," म्हणाल्या आणि नाकाला पदर लावून किसायला बसल्या. साडीवर लॅबमधला जुना पांढरा कोट, हातात निळे ग्लोव्ह्ज, डोक्याला टोपी. रॉनने कुंपणावरून हे ध्यान पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "इज शी ऑल राइट?" मी म्हटलं, शी इज मेकिंग सूप. त्याचा काही विश्वास बसला नाही.

ब्रेडचाही असाच प्रयोग झाला. दुकानातला पांढरा स्लाइस ब्रेड ओव्हनमध्ये वाळवून पाहिला तर गोळा खळीसारखा चिकट झाला. "वाळवलेला वेगळा आणि शिळा वेगळा," त्यांनी निकाल दिला. पण त्या स्वतः पोळी-भाकरीवाल्या, त्यांच्या घरी ब्रेड शिळा होणार कुठून? म्हणून ती पिशवी आणि ती दारोदार फेरी. गल्लीतले सगळे हळूहळू इतके सरावले की ताजा ब्रेड आणून मुद्दाम शिळा करायला ठेवायला लागले.

शेवेच्या चकतीने फार बारीक पडायची, चकलीच्या चांदणीने काटेरी. शेवटी जाड गाठ्यांची चकती बसली. आता राहिलं सूप. एलेनाची आई ते कोंबडीच्या सुपात करायची.

मी म्हटलं, "मावशी, भाज्यांचं चालेल की. तिला काय कळतंय."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आईच्या हातची चव पोरीला कळत नाही? तुला तुझ्या आईच्या आमटीत एक आमसूल कमी पडलं तर कळेल की नाही?"

तर कोंबडी आणायचं काम माझ्याकडे. ती पातेल्यात सोडायचं कामही माझंच असेल, असं मी धरून चाललो होतो. मी मारे बाह्या सरसावून पुढे झालो, तर मावशींनी मला कोपराने बाजूला केलं. "सरक. जन्मभर अख्ख्या हॅरोचं रक्त आणि लघवी हाताळलीये मी. कोंबडी काय चीज आहे?" आणि टाकली आत. दोन तास ती मंद आचेवर ठेवून स्टुलावर बसल्या, वरचा फेस काढत. नंतर घरात जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, हेही भिंतीमुळे कळलं.

मला त्या बाईचं खरं नवल वाटलं ते पुढेच. इतकं सगळं केलं, पण चव? ती तर त्या बघू शकत नव्हत्या. अंडं, कोंबडी, ते चीज, यातलं काहीही त्यांच्या तोंडात जाणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "अहो, स्वतः न चाखता कसं जमायचं?"

"नैवेद्याचा स्वयंपाक मी चाखून करते का?" मावशी म्हणाल्या. "आधी देवाला, मग आपण. एवढी वर्षं मीठ कधी चुकलं नाही. हेही तसंच करायचं."

आणि केलं. शनिवारमागून शनिवार वाट्या आमच्याकडे येत राहिल्या. मी आणि मीरा खायचो, रिपोर्ट द्यायचो. जायफळ वाढलं, चीज वाढलं, गोळा आमच्या फ्रिजमध्ये मुरायला लागला. एके दिवशी वाटीत पिवळसर, जाड, अंगावर किंचित खरबरीत अशा शेवया स्वच्छ सुपात सबंध तरंगत होत्या. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि चक्क डोळे मिटले. गरम, मऊ, लिंबाचा वास मागून येतोय. मी रिपोर्टबिपोर्ट विसरून वाटी संपवली. मावशींनी काही विचारलंच नाही. रिकामी वाटी उचलून घेऊन गेल्या.

फेब्रुवारीत एलेना बाळंत झाली. सिझेरियन, मुलगी. निखिलने फोटो पाठवला. मावशींनी तो आम्हाला दाखवला, रॉनला दाखवला, पोस्टमनला दाखवला. मग आठवडाभर फोन उशाशी घेऊन बसल्या. फोटो येत होते. 'ये' असं काही येत नव्हतं. स्वतःहून विचारायचं तर मानी स्वभाव आड. मीराने सुचवलं, "सरळ जा ना तुम्ही." तर म्हणाल्या, "मी सासू आहे. सासूने न बोलावता बाळंतिणीच्या खोलीत शिरू नये. तो मान तिच्या आईचा."

रविवारी सकाळी बेल वाजली. मावशी दारात. "सुहास, गाडीची किल्ली दे. सामान ठेवते. आपण क्रॉयडनला जाऊन येऊ. दारात डबा द्यायचा आणि परत यायचं. आत जायचं नाही. कळलं?" मी नोकरीसाठी रोज क्रॉयडनला ट्रेनने जातो, रविवारी पुन्हा तिथेच जायचं म्हणजे जिवावर येतं. पण त्यांचं तोंड बघून मुकाट्याने बूट घातले.

सुपाचं पातेलं टॉवेलात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतलं. ज्या बाईला अंड्याच्या टरफलाचा विटाळ, ती कोंबडीच्या सुपाचं पातेलं दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली होती. नॉर्थ सर्क्युलर रोडवर ट्रॅफिक तुंबलेला. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मावशी, डिंकाचे लाडू नाही केले? अळिवाचे?"

"केले असते. माझं मन भरलं असतं त्याने. तिचं काय?" त्यांनी पातेल्यावरचा टॉवेल घट्ट केला. "निखिल झाला ना, तेव्हा माझी आई येऊ शकली नाही. इथे आमचं कोणी नव्हतं. हॉस्पिटलात मला टोस्ट दिला आणि हिरवी जेली. हिरवी! मी त्या जेलीकडे बघून इतकी रडले की नर्सला वाटलं, टाके उसवले. मला भूक नव्हती रे. मला आईच्या हातची खीर पाहिजे होती. अळिवाची. घरी आले, ह्यांची ड्यूटी. मी, बाळ आणि चार भिंती. कोणीतरी नुसतं येऊन बसावं, एवढं वाटायचं."

मी गिअर बदलला.

"त्या पोरीची तर आईच नाही," मावशी म्हणाल्या. "तिची खीर कोण करणार?"

निखिलने दार उघडलं. दाढी वाढलेली, खांद्यावर दुधाचे डाग पडलेलं फडकं. "आई! तू फोन का नाही केली?"

"आत येत नाही. डबा द्यायला आलेय," मावशी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या आणि पातेलं, गोळ्याचा डबा, सोऱ्या असं एकेक त्याच्या हातात द्यायला लागल्या. "हे उकळायचं. खळखळून उकळलं की गोळा ह्यात भरायचा आणि वरून दाबायचं. बोटाएवढे झाले की सुरीने कापायचं. वर आले की लगेच वाढायचं. आधी करून ठेवायचं नाही, लगदा होतो."

निखिल पितळी सोऱ्याकडे बघत राहिला. "हाऊ डझ इट ओपन?"

आता खरं सांगतो, मला तेव्हा शंका आली. दारात ठेवून जाता येत नाही, असाच पदार्थ या बाईने निवडला होता काय? पण मावशींच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, "राहू दे, तुला नाही जमायचं. करून देते आणि जाते." चपला काढल्या आणि आत.

स्वयंपाकघरात ओट्यावर मित्रमंडळींनी आणलेल्या लझान्याचे ट्रे एकावर एक. काही उघडलेलेही नव्हते. मावशींनी ते बाजूला सारले, सूप चढवलं, सोऱ्या भरला. वाफेबरोबर लिंबाचा आणि जायफळाचा वास घरभर गेला. पहिले तुकडे पडले तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एलेना भिंतीला धरून, एक हात पोटावर ठेवून खाली येत होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. दारातच थांबली.

"पासातेल्ली?" इतक्या बारीक आवाजात की मला वाटलं, लहान मूल बोललं.

मावशींनी वळून पाहिलं नाही. हात कामात होते, आणि मला वाटतं, वळायची हिंमतही नव्हती. "सिट, सिट," म्हणाल्या. वाडगा भरला, तिच्यापुढे ठेवला आणि दोन पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या, हात पदराला पुसत. न चाखलेलं अन्न होतं ते.

एलेनाने एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मग चमचा खाली ठेवून ओक्साबोक्शी रडायला लागली. निखिल धावला, तर मावशींनी हाताने त्याला थांबवलं. "रडू दे. टाके नाही उसवत." आणि पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दोघींना एकमेकींना हात लावताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. हवामानाचं नाव कोणी काढलं नाही.

रडून झाल्यावर एलेनाने सगळा वाडगा संपवला. अजून मागितलं. तेही संपवून म्हणाली की तिच्या आईचे याहून जाड असायचे, आणि जायफळ जरा जास्त असायचं.

"हाऊ मच मोअर?" मावशींनी गंभीरपणे विचारलं.

"टुमॉरो आय विल शो यू," एलेना म्हणाली.

मावशी गोंधळल्या. निखिल मध्ये पडला, "एलेना, आईला परत जायचं आहे. सुहासदादाच्या गाडीत." वरून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. एलेनाने तिकडे पाहिलं, मग लझान्याच्या ट्रेंकडे, मग मावशींचा पदर धरला. खरोखर धरला, मुठीत. सगळे जण जेवण दारात ठेवून निघून जातात, ती इंग्रजीत म्हणाली, कोणीच थांबत नाही, मला बाळाचं काही येत नाही, मला खूप भीती वाटते. "प्लीज. कॅन यू स्टे?"

मावशींनी नुसती मान हलवली, दोनदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुहास, गाडीतून माझी बॅग आण."

"बॅग? कसली बॅग?"

"डिकीत आहे. तुझ्या छत्रीमागे."

मी बाहेर गेलो. डिकीत खरंच एक छोटी बॅग होती, चांगली जड. चेन पूर्ण लागली नव्हती. घडी घातलेला गाऊन, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, जपाची माळ आणि बाळाच्या मालिशीच्या तेलाची बाटली. मी ती घेऊन आत आलो तेव्हा मावशी नातीला घेऊन जिना उतरत होत्या. मी बॅग खाली ठेवली आणि त्यांना हळूच विचारलं, "सकाळी भरलीत होय?"

"छे रे," त्या म्हणाल्या. डोळे बाळावरून उचलले नाहीत. "तिला सातवा लागला तेव्हापासून भरलेली आहे. म्हटलं, बोलावलंच कोणी, तर उशीर व्हायला नको."